बेगड

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या प्रेसमध्ये एक गुऱ्हाळवाले अण्णा आले. पिशवीतून दोन वस्तू काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवल्या. एक गुळाचा किलोचा रवा, म्हणजे छोटी ढेप, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. दुसरी तुपाची रिकामी बरणी, कुठल्याशा मोठ्या कंपनीची, काठापासून नावापर्यंत सोनेरी लेबलाची. बरणीवर बोट ठेवून अण्णा म्हणाले, "ताई, आमचं लेबल हे असं पायजे. समदं सोन्याचं."

मी आधी कागद सोडून गूळ बघितला. तांबूस, जवळजवळ चॉकलेटी. खडा मोडून तोंडात टाकला तर उसाचा वास बराच वेळ जिभेवर राहिला. अण्णा सांगत होते की काहिलीत रानभेंडीचा रस सोडून मळी काढतो, बाकी काही घालत नाही. बाजारात आपण वर्षानुवर्षं ज्याला 'चांगला गूळ' म्हणत आलो, त्याचा पिवळाधमक रंग पुष्कळदा हायड्रॉस पावडरीने, म्हणजे रंग उजळवणाऱ्या रसायनाने, आणलेला असतो. अण्णांनी तो रंग सोडला, सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, त्यापायी कमी भाव पत्करला आणि आता स्वतःच्या खोक्यातून, स्वतःच्या नावाने गूळ विकायचं ठरवलं. आणि त्या गुळावर त्यांना सगळं सोनेरी हवं होतं.

मी लगेच हो म्हटलं नाही. त्यांना चहा सांगितला आणि बाबांच्या जुन्या कपाटातून नमुन्यांची फाइल काढली.

आमचा प्रेस बाबांनी सुरू केला तो एका ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई मशीनवर. हँडबिलं, पावतीपुस्तकं आणि लग्नसराईत पत्रिका. तेव्हा पत्रिकेवर सोनेरी अक्षर काढायचं तर आधी चिकट शाईत ते छापायचं, शाई ओली असतानाच कापसाच्या बोळ्याने त्यावर सोनेरी पावडर फिरवायची आणि वाळल्यावर जास्तीची झटकायची. मे महिन्याच्या सुट्टीत ते झटकायचं काम माझ्याकडे आणि धाकट्या भावाकडे असायचं. संध्याकाळी घरी जाताना आमच्या भुवयासुद्धा सोनेरी झालेल्या असायच्या, आणि आई दारातच तोंड धुवायला लावायची. ती पावडर म्हणजे पितळेची भुकटी. दोन-चार वर्षांत ती काळवंडायची. आईबाबांच्या स्वतःच्या लग्नपत्रिकेवरचा गणपती आज पूर्ण तपकिरी झालाय.

मग फॉइल आलं. हातमशीनवर धातूत अक्षरं कोरलेला, तापलेला ब्लॉक, मध्ये फॉइल, खाली कागद. खटका ओढला की अक्षर उमटायचं, कोरडं, लखलखीत, हाताला न लागणारं. बाबांनी मशीन घेतलं खरं, पण त्यांचं मन त्यात कधी रमलं नाही. ते त्याला 'बेगड' म्हणायचे. "आज बेगडाचं काम हाय," असं सकाळी सांगायचे, आणि त्यांच्या आवाजात त्या कामाबद्दल फार आदर नसायचा.

या शब्दाचा मी खूप विचार केलाय. 'बेगडी प्रेम', 'बेगडी देशभक्ती' म्हणताना आपण तो शिवीसारखा वापरतो. पण बाशिंगाला बेगड लागतं, मखराला लागतं, ताबुताला लागतं. तिथे त्याला कोणी खोटं म्हणत नाही. नवऱ्या मुलाच्या कपाळावरचा तो चमकता कागद सोनं असल्याचा दावा करत नाही. आज या माणसाचा दिवस आहे, एवढंच तो सांगतो. बेगड खोटं ठरतं ते त्याला जेव्हा खोटं बोलायला लावलं जातं तेव्हा. वीस वर्षं हे काम केल्यावर माझं हे ठाम मत झालंय, आणि अण्णांशी माझं बोलणं याच मतावर अडलं होतं.

फॉइल म्हणजे नेमकं काय, हे गिऱ्हाइकाला दाखवायला मी नेहमी एक तुकडा खिडकीशी धरते. पारदर्शक पॉलिएस्टरची फिल्म, साधारण १२ मायक्रॉनची, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. तिच्यावर मेणासारखा एक सुटा थर, मग रंगीत लॅकर, मग ॲल्युमिनियम, आणि सगळ्यात खाली उष्णतेने जागा होणारा गोंद. ॲल्युमिनियम निर्वात पेटीत वाफ करून फिल्मवर बसवलेलं असतं. तो थर इतका विरळ, की मायक्रॉनच्या शंभराव्या भागांत मोजावा लागतो. ब्लॉक तापून दाबला गेला की मेणाचा थर सुटतो, गोंद कागदाला धरतो आणि फिल्म रिकामी होऊन पुढे सरकते. यात सोन्याचा कणही नाही. चांदीसारख्या ॲल्युमिनियमवर पिवळं लॅकर, म्हणून सोनेरी. लॅकर बदललं की तेच तांबं होतं, तेच हिरवं, तेच गुलाबी. हुपरीचे एक चांदीवाले काका पिशव्या छापायला आले होते. त्यांनी हे ऐकून फॉइलचा तुकडा बोटांत चोळून बघितला आणि म्हणाले, "एवढ्याशा धातूत एवढी चकाकी? आमच्यात तर घासून घासून जीव जातोय."

पूर्वी आमच्याकडे फॉइल म्हणजे पत्रिका, उदबत्तीचं पाकीट आणि अत्तराची बाटली. आता तसं राहिलं नाही. काकवी, लाकडी घाण्याचं तेल, डंकावर कांडून आणलेली कांदा-लसूण चटणी, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ, नाचणीची बिस्किटं, घरी केलेला साबण, सगळ्यांना सोनेरी हवं. याला कारणं आहेत आणि ती खरी आहेत. चटणी पूर्वी ओळखीवर विकली जायची, लेबल लागतच नव्हतं. आता ती पुण्याच्या दुकानात फळीवर वीस बरण्यांच्या रांगेत उभी राहते, आणि बाकीच्या एकोणीस चमकत असतात. दिवाळीला भेट म्हणून खोकं द्यायचं, तर वरून भारी दिसावं लागतं. शिवाय पाचशे लेबलंसुद्धा फॉइलमध्ये करून मिळू लागली, त्यामुळे लहान माणसाच्या आवाक्यात ते आलं.

मोठ्या कामांत तर तंत्रच बदललंय. रोलवरच्या लेबल मशीनमध्ये कोल्ड फॉइल चालतं. फ्लेक्सोच्या, म्हणजे रबरासारख्या लवचिक, प्लेटने हवं तिथे फक्त गोंद छापायचा, त्यावर फॉइल दाबायचं, यूव्ही दिव्याखाली गोंद क्षणात पक्का होतो आणि फिल्म उचलली की नक्षी मागे राहते. ब्लॉक नाही, तापवणं नाही, वेग दांडगा, आणि वरून शाई छापून एकाच चंदेरीतून दहा धातुरंग काढता येतात. आमच्याकडे ते मशीन नाही. तसलं काम आलं की मी एमआयडीसीतल्या मोठ्या प्रेसकडे पाठवते. पण कोल्ड फॉइलला गरम ब्लॉकसारखा दाब नसतो, त्यामुळे कागदात अक्षर रुतत नाही. गरम फॉइलच्या अक्षरावरून बोट फिरवलं की हलकासा खड्डा लागतो. तो मला आवडतो.

आणि देवनागरी. मशीनबरोबर येतात ते नमुने सगळे रोमन अक्षरांचे, सुटे-सुटे, मोकळ्या पोटांचे. आपल्या अक्षराला डोक्यावर लांब रेघ, 'म' आणि 'भ' ला गाठ, 'क्ष'च्या पोटात जेमतेम सुई जाईल एवढी जागा, आणि वर एकट्याने तरंगणारा अनुस्वार. उष्णता जरा जास्त झाली की गाठी भरून येतात आणि फॉइलची चमक मरते. कमी झाली की शिरोरेघ मध्येच तुटते आणि अनुस्वार गायब. 'कोल्हापुरी' हा शब्द बारीक अक्षरात फॉइलमध्ये धड उमटवायचा म्हणजे परीक्षा आहे. त्यातल्या 'ल्हा'ने आमच्या मशीनवरच्या मामांना जेवढं छळलंय तेवढं कशानेच नाही. पट्टा, दाब, वेळ, तापमान यांतलं एकेक बदलत ते बसतात. एकशे दहा अंश, एकशे पंधरा, एकशे वीस. ब्लॉकच्या मागे टिश्यूचा तुकडा लावायचा, ठसा बघायचा, अजून एक लावायचा. याला मेकरेडी म्हणतात, आणि कधीकधी हजार लेबलं छापायला जेवढा वेळ लागत नाही तेवढा यात जातो. पितळसुद्धा तापलं की वाढतं. शंभर मिलिमीटरचा ब्लॉक शंभर अंशांनी तापला की जवळपास ०.१९ मिलिमीटर लांबतो. छापलेल्या बारीक रेघेवर फॉइल तंतोतंत बसवायचं असेल तर हे ब्लॉक बनवतानाच धरावं लागतं.

पाऊणेक तासात चहा दोनदा झाला. अण्णांनी फाइल पूर्ण चाळली आणि पुन्हा तेच म्हणाले, "पर समदं सोन्याचं केलं तर काय बिघडतंय वो?"

मग मी त्यांना माझी चूक दाखवली. फाइलच्या शेवटी ते लेबल मी मुद्दाम चिकटवून ठेवलंय. काही वर्षांपूर्वी एका मसालेवाल्यांनी असंच सगळं चमकतं मागितलं होतं. पूर्ण पार्श्वभूमी चंदेरी, त्यावर सोनेरी किंमत, सोनेरी वजन आणि फॉइलवरच काळा बारकोड. मी अडवायला हवं होतं, अडवलं नाही, कारण ऑर्डर मोठी होती आणि तो महिना अवघड होता. माल एका मोठ्या दुकानात गेला. तिथे स्कॅनर बारकोड वाचेना. स्कॅनरला काळ्या रेघांमधली पांढरी जागा लागते, जी उजेड सगळीकडे पसरवून परत देते. फॉइल आरशासारखं तो उजेड एकाच दिशेला फेकून देतं, आणि मशीनला रेघ कुठली, रिकामी जागा कुठली, हेच कळत नाही. सगळी खोकी परत आली. किंमत तर माणसालाही वाचता येत नव्हती. वेष्टनातल्या मालासाठी २०११ चे केंद्राचे नियम आहेत, त्यांत स्पष्ट म्हटलंय की किंमत आणि वजनाचे आकडे पार्श्वभूमीपासून ठळक वेगळ्या रंगात हवेत. सोनेरीवर सोनेरी कसं चालेल? शाकाहाराची खूणही हिरवीच लागते, हिरव्या चौकटीत हिरवा गोल. ती सोन्यात करून मागणारे अजूनही येतात. ती सगळी लेबलं मी स्वखर्चाने पुन्हा छापून दिली, पण त्या माणसाची दिवाळी हुकली होती. ती मी त्यांना परत देऊ शकले नाही.

अण्णा ते लेबल बराच वेळ उलटसुलट करत राहिले.

"आता तुमचा गूळ बघा," मी म्हणाले. "सगळं खोकं सोनेरी केलं, तर घेणारा आत पिवळा गूळ असेल असं समजून घेईल. उघडल्यावर हा चॉकलेटी निघणार. त्याला वाटणार फसवलं. तुम्ही तर रंग न घालण्यासाठी एवढी वर्षं सोसलंय."

ते काही बोलले नाहीत. रव्यावरचा वर्तमानपत्राचा कागद त्यांनी नीट सरळ केला.

माझं लहानपण महाद्वार रोडजवळच्या एका बोळात गेलं. किरणोत्सवाला आजी आम्हाला हाताला धरून न्यायची. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला. मावळतीचा किरण महाद्वारातून आत शिरतो, एकेक टप्पा ओलांडत गाभाऱ्यात जातो, आणि अंबाबाईच्या चरणांपासून वर चढत जातो. ढग आला की संपलं. सगळे श्वास रोखून उभे असतात. दिवसभर दिव्यांच्या झगमगाटात बघितलेले तेच दागिने त्या दोन-चार मिनिटांत वेगळेच दिसतात, कारण भोवती अंधार असतो आणि उजेड एकाच वाटेने येत असतो. फॉइलबद्दल मला जे काही कळलंय ते बहुतेक तिथेच कळलं असावं. हे मी अण्णांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली. तेही दर वर्षी येतात म्हणे, पण चेंगराचेंगरीत किरण कधी नीट दिसला नाही.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. लेबल १०० बाय ७० मिलिमीटरचं, खाकी क्राफ्ट कागदाचं, गुळाच्या रंगाशी जुळणारं. बाकी सगळा मजकूर गडद तपकिरी शाईत. आणि मधोमध एकच शब्द सोनेरी: गूळ. क्राफ्ट कागद शोषून घेतो, कोल्ड फॉइलचा गोंद त्यात मुरून जाईल, म्हणून गरम फॉइलच, जरा जास्त दाबाने. अण्णांना खर्चाची धास्ती होती, तेव्हा मी पाटीवर हिशेबच मांडला. फॉइलचा रोल ६४० मिलिमीटर रुंद आणि १२० मीटर लांब. आपला शब्द ३६ मिलिमीटर रुंद, २८ उंच. चाळीसच्या पट्ट्या कापल्या तर सोळा निघतात. दर ठशाला फॉइल तीस मिलिमीटर सरकवलं तर एका पट्टीत चार हजार लेबलं, अख्ख्या रोलमध्ये चौसष्ट हजार. आणि तुपाच्या बरणीसारखी चहूबाजूंनी किनार करायची, तर ११० मिलिमीटरच्या पट्ट्या पाचच, दर ठशाला ७५ मिलिमीटर, म्हणजे पट्टीत सोळाशे आणि रोलमध्ये आठ हजार. त्यातही मधलं सगळं फॉइल न वापरता वाया. अण्णांनी आकडे दोनदा वाचले. त्यांना पहिली ऑर्डर चार हजारांचीच हवी होती, म्हणजे एक पट्टी.

"एका पट्टीत बसतंय व्हय?" ते म्हणाले. "मग ठरलं."

ठरल्यावर सुद्धा एक अडलंच. त्यांनी लिहून आणलेल्या कागदावर 'गुळ' असं होतं, ऱ्हस्व. मी दीर्घ करून दिलं, तर त्यांच्या पुतण्याने फोनवर हुज्जत घातली, की सगळी दुकानं ऱ्हस्वच लिहितात आणि 'गुळाचा चहा'त ऱ्हस्वच असतो. त्यात त्याचं अगदीच चुकत नव्हतं. 'गुळाचा', 'गुळाला' ऱ्हस्व, पण नुसता शब्द 'गूळ' दीर्घ. बाबा यावर अडून बसायचे. शाईतली चूक प्लेट बदलून सुधारता येते, पण पितळेत कोरलेलं शुद्धलेखन वितळवूनच बदलतं. आम्ही पितळेचाच ब्लॉक करायला दिला. मॅग्नेशियमचा स्वस्त पडला असता, पण काही हजार ठशांत त्याच्या कडा बोथट होतात, आणि अण्णा दर हंगामाला येणार असं मला वाटत होतं. ब्लॉक आरशातल्यासारखा उलटा असतो. तो आला तेव्हा मामांनी तो आरशासमोर धरून दीर्घ ऊकार तपासला. ही त्यांची सवय बाबांच्या काळापासूनची.

छपाईच्या दिवशी सकाळी पहिले साठ-सत्तर ठसे वाया गेले. 'ळ'च्या दोन्ही गोलांत फॉइल भरून येत होतं. मामांनी तापमान पाच अंशांनी उतरवलं, वेग जरा वाढवला, मागचा टिश्यू एका बाजूने काढला, आणि मग दोन्ही पोटं मोकळी झाली. मी लेबल दारात नेलं. सरळ धरलं तर साधा तपकिरी कागद, त्यावर मंदसं अक्षर. जरा कललं की अक्षर पेटलं. बाबा असते तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहत नाही. अजूनही बेगडच म्हणाले असते बहुधा. पण ऊकार बघून खूश झाले असते.

वापरून झालेली फॉइलची पट्टी मी टाकत नाही. तिच्यात चार हजार 'गूळ' आरपार दिसतात, सोनेरी फिल्मवर अक्षरांच्या आकाराच्या पारदर्शक खिडक्या. शेजारच्या गल्लीतल्या मंडळाची पोरं त्या पट्ट्या गणपतीच्या आराशीसाठी मागून नेतात. उरलेली भंगारवाल्याकडे जाते. त्या पॉलिएस्टरला भाव जवळजवळ नाहीच, आणि फॉइलच्या वाढत्या कामात मला खुपणारी गोष्ट हीच आहे. जेवढं सोनं कागदावर बसतं त्याच्या कितीतरी पट फिल्म मागे उरते. एका शब्दाचं काम असेल तर तो ढीग लहान राहतो.

लेबलं द्यायला मी स्वतः गुऱ्हाळावर गेले. चुलवाणाचा धूर, चिपाडांचे ढीग, गुळव्या काहिलीत फावडं फिरवत होता. अण्णांच्या आईंनी खाटेवर बसूनच एक लेबल मागून घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, मग अंगठ्याच्या नखाने 'गूळ'वर जोर लावून खरवडलं. दोनदा. तीनदा. आम्ही प्रेसमध्ये चिकटपट्टी लावून ओढून बघतो, पण एवढ्या जोरात नाही. मी श्वास धरून उभी होते.

"निघत न्हाय," त्या म्हणाल्या, आणि लेबल खोक्यावर लावायला नातवाच्या हातात दिलं.